कुंतीला पाणी घालू नये

पाणी सोडणाऱ्या माणसावर कुणाचंच प्रेम नसतं. पाणी वेळेवर आलं तर ते महापालिकेचं, आणि नाही आलं तर सोडणाऱ्याच्या तीर्थरूपांचा उद्धार. तात्यांनी हा उद्धार नोकरीभर ऐकला. आमच्या भागाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं होतं. सायकलच्या दांडीला बांधलेली लांबलचक लोखंडी चावी, डोक्याला पांढरी टोपी, आणि चेहरा असा की सकाळी सकाळी दिसला तर आजचा दिवस काही खरा नाही असं वाटावं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, दोन्ही हातांनी फिरवायची आणि मान वाकडी करून ऐकत थांबायचं. पाइपातनं पाणी निघाल्याचा आवाज आला की झाकण बंद. मग पुढची गल्ली. हसणं नाही, बोलणं नाही.

मी कोल्हापुरात बदलून आलो आणि नेमका या माणसाच्या शेजारी घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी शेजारधर्म म्हणून गोड बोलून पाहिलं. आमच्याकडं सामान लावायचं होतं, फरशा धुवायच्या होत्या, तर पाणी थोडा वेळ जास्त राहिलं तर बरं होईल, असं म्हणालो. तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातली मूर्तीच मागितली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "पाणी माझ्या बाचं न्हाय. तुमच्याबी बाचं न्हाय. ठरलंय तेवढंच मिळंल."

मी चिडलो. पुढं कळलं की हा नियम त्यांनी नगरसेवकालाही ऐकवला होता, आणि स्वतःच्या घरालाही. त्यांच्या मुलीच्या, सविताच्या, हळदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. तात्या मूळचे मुरगूडचे, त्यामुळं तिकडची निम्मी भावकी आलेली. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शालनकाकींच्या, माहेरचे लोक गगनबावड्याकडून. सगळे आंघोळीला नंबर लावून उभे. पाण्याची वेळ संपली तसे तात्या नवी टोपी घालून उठले, चावी घेतली आणि व्हॉल्व्ह बंद करायला चालू लागले. मागं न्हाणीतून काकींचा भाऊ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत ओरडतोय, आणि तात्या फाटकातून मागं न बघता सांगताहेत, "पावणं, टावेलानं पुसून घ्या." तो मेहुणा पुढं कित्येक वर्षं तात्यांशी बोलला नाही. तात्यांना त्याची गरजही वाटली नाही.

अशा माणसाला शालनकाकींसारखी बायको मिळावी, ही गंमतच म्हणायची. मोठ्यानं बोलणं, मोठ्यानं हसणं, सगळ्या कॉलनीच्या स्वयंपाकघरात पाय. गगनबावड्याच्या खाली पावसाच्या गावात वाढलेली बाई. "आमच्यात पाऊस लागला की चार महिनं घरात सुकं कापड दिसायचं न्हाय," असं सांगायची, आणि कोल्हापुरातल्या पावसाला 'शिंतुडं' म्हणायची. तिला बागेचं वेड होतं. पुढच्या अंगणात तिचा मोगरा होता, दोन गुलाब होते, आणि संध्याकाळी पदर खोचून पाणी घालायचा तिचा रोजचा कार्यक्रम होता. पाणी धुण्याचं, तांदळाचं, भाजीचं. नळाचं घालायची तात्यांच्या घरात कुणाची छाती नव्हती.

पण लोकांना ते कसं कळणार? एका उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं. कोपऱ्यावर टँकरपाशी भांडणं चाललेली. तिथं कुणीतरी बाई तात्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पाणी सोडणाऱ्याच्या मोगऱ्याला बरी टंचाई येत न्हाय."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर मोगरा मुळासकट बाहेर. गुलाबही. काकी दारात उभ्या होत्या. मी कुंपणावरून म्हणालो, "तात्या, अहो त्या मोगऱ्यानं काय केलं होतं?"

"तेनं काय केलं न्हाय," ते म्हणाले. "लोकांच्या तोंडाला झाकण न्हाय."

त्याच जागेत पावसाळ्याच्या तोंडावर तात्यांनी कुंती लावली. शाहूपुरीतल्या रोपवाल्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: पाण्याबिगर जगतंय असं वासाचं झाड दे. त्यानं कुंतीची रोपं दिली. आमच्याकडची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. तात्यांनी कुंपणाकडेनं चर खणला, काळी माती बाजूला काढली, मुरूम घातला, वर शेणखत मिसळलेली माती, आणि रोपं जमिनीपेक्षा वीतभर उंचावर बसवली. पहिला उन्हाळा तेवढा भांडी विसळलेल्या पाण्यावर काढला. मग तेही बंद.

"ही पाण्याबिगर मरत न्हाय," ते मला सांगायचे, "पाणी साचलं की मरती. कुंतीला पाणी घालू नये."

आणि खरोखर, एप्रिल-मेमध्ये सगळ्यांच्या बागा करपायच्या तेव्हा तात्यांचं कुंपण हिरवंगार उभं. पानं बारीक, चकचकीत, जणू रोज कुणी पुसून ठेवलीत. वर्षभर ते कधी उघडं पडायचं नाही. उन्हाचा ताण बसलेला असायचा, आणि मग एखादा वळीव पडून गेला की आठवड्याभरात सगळं कुंपण एकदम पांढरं व्हायचं. वास थेट आमच्या माजघरात. संत्रं सोलल्यासारखा, पण त्याहून गोड. दोन-तीन दिवस तेवढं चालायचं, मग खाली पाकळ्यांचा सडा. काकींचा राग तोवर निवळला होता, पण तक्रार होतीच. "वेणीत माळाय काय उपेगाची न्हाय," त्या म्हणायच्या. "घरातनं निघाल्यावर कोपऱ्यापातूर निम्मी गळती." तरी सडा झाडायच्या आधी त्या ओंजळभर पाकळ्या उचलून देवापुढं ठेवायच्या. तात्या पायरीवर बसून बघायचे. वास घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण फुलोऱ्याच्या दिवसांत ते पायरी सोडायचे नाहीत.

तात्या निवृत्त झाले आणि दोन-एक वर्षांत काकींचं दुखणं निघालं. पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली. अंगदुखीवर वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडं गेली, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तात्या स्वतःची किडनी द्यायला निघाले होते. तपासणीत त्यांची साखर निघाली, डॉक्टरांनी घेतली नाही. सविता तयार होती, तर काकींनीच ऐकलं नाही. "तिची लेकरं ल्हान हायती. माझ्यापायी तिला कापू नका," म्हणाल्या. मग कुणा परक्याची मिळेल म्हणून नंबर लावला. कधी येईल ते कुणीच सांगत नव्हतं. तेव्हापासून तात्यांना जगात एकच काम उरलं: नंबर येईपर्यंत शालनला जगवायचं.

आणि ते काम होतं पाणी मोजायचं. डायलिसिसचं यंत्र रक्त धुऊन देतं, पण दोन खेपांच्या मधल्या दिवसांत पोटात गेलेलं पाणी अंगातून बाहेर पडायला वाटच नसते. ते साठतं, पायात उतरतं, छातीत चढतं, आणि मग श्वास कोंडतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला अमुक एवढंच पाणी. चहा, औषधं, आमटीचं पाणी, सगळं त्यातच. हे त्यांनी ज्या माणसाला सांगितलं तो नेमका तात्या होता. सकाळी पूजा झाली की ते एक बाटली भरायचे आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायचे. ठरल्या वेळी ठरलेला घोट. तोंड धुताना काकी चूळ भरायच्या तर हे न्हाणीच्या दाराशी उभे. चूळ जास्त वेळ तोंडात राहिली की बाहेरून आवाज, "थुक."

पहिल्या पहिल्यांदा काकी त्याचीही चेष्टा करायच्या. "मास्तर, अख्ख्या वॉर्डाला पाणी सोडलं ह्येनी. माझा वॉल तेवढा बंद हाय बगा." आम्ही हसायचो. नंतर नंतर चेष्टा कमी झाली. लिंबाची फोड चोखायच्या, ओला कापूस ओठांवर फिरवायच्या. आमच्या हिच्याकडं येऊन बसायच्या आणि बोलता बोलता नजर माठाकडं जायची. एकदा हिला म्हणाल्या, "पावसाळ्यात आमच्या चुलीपातूर पाणी यायचं. मी लई शिव्या घातल्या तेला. पाण्याला शिव्या घातल्याचं पाप लागलं गं मला." ही त्या दिवशी जेवली नाही.

काकी कुणाकडं तरी मागणार हे तात्यांनी ओळखलं होतं. एका सकाळी ते टोपी घालून, नोकरीत असताना जसे फिरायचे तसे, कॉलनीतल्या प्रत्येक दारात गेले. "माझ्या बायकूला पाणी दिऊ नका," एवढंच मागणं. ती हात जोडंल, रडंल, देऊ नका. बायका मागून म्हणाल्या, राक्षस आहे मेला. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला तात्यांचा फार राग यायचा, आणि त्यांच्या त्या कमरेच्या किल्लीचा तर त्याहून.

एक गोष्ट मात्र मला आमच्या हिनं दाखवली. तात्या दुपारी आमच्या मागच्या दारी यायचे, हिच्याकडून तांब्या घ्यायचे आणि उभ्या उभ्या घटाघट पाणी प्यायचे. घरी पाणी नव्हतं का? ही एकदा विचारून बसली. तात्या तोंड पुसत म्हणाले, "ती बगत असती. घोट खाली जात न्हाय." काकी आजारी पडल्यापासून ते स्वतःच्या घरात पाणी प्याले नव्हते.

त्या उन्हाळ्यात काकींना लागोपाठ दोनदा श्वास लागला. दोन्ही वेळा रिक्षात घालून नेलं. दुसऱ्या वेळी मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "आजोबा, वजन किती वाढलंय बघा. पाणी जास्त होतंय."

"मापून देतोय सायब," तात्या म्हणाले.

"मग मापात चूक होतेय."

तात्यांचा चेहरा मी पाहिला. नोकरीत लोकांनी त्यांना नको नको ते म्हटलं होतं, पण माप चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं. 

त्यानंतर चार-सहा दिवसांनी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. कुंपणापलीकडून हाक आली, "मास्तर, हिकडं या जरा." तात्या कुंतीच्या बुडाशी उकिडवे बसलेले, हातात खुरपं. नळाजवळचं झाड त्यांनी दाखवलं. बाकीचं कुंपण हिरवं, आणि त्या एका झाडाची पानं पिवळी पडून गळत होती.

"उन्हाळ्यात कुंती पिवळी पडती व्हय?" त्यांनी विचारलं.

"पाणी कमी पडलं असेल," मी आपलं म्हणालो.

त्यांनी खुरप्यानं माती उकरून माझ्यापुढं धरली. चिखल होता. भर वैशाखात, ज्या झाडाला कित्येक वर्षांत कुणी पाणी दाखवलं नव्हतं, त्याच्या मुळाशी चिखल. तात्यांनी मुळी उपसून पाहिली, ती काळी पडली होती. मग त्यांनी मान वर केली आणि दाराकडं पाहिलं. काकी दारात उभ्या होत्या.

"मीच घातलं," काकी म्हणाल्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"कशापायी?"

"तुमी आंघुळीला गेलासा की नळावर तांब्या भरून घ्यायची. निम्मं मी प्यायची, निम्मं तिला घालायची."

"आगं, पर तिला कशापायी?"

"तुमी इचारलासा तर खोटं बोलाय लागू नये म्हणून. झाडाला पाणी घालत हुते म्हणून सांगितलं असतं. ते खरंच हुतं की."

हे सांगताना काकींच्या चेहऱ्यावर जरासं हसू होतं. मलाही हसू आलं. आयुष्यभर या माणसाबरोबर राहून तिला चोरीसुद्धा मापातच करता येत होती. मला वाटलं तात्याही हसतील आणि त्या दिवसापुरता तरी विषय संपेल. तात्या उठले, आत गेले, जुन्या हत्यारांच्या पिशवीतून पाना आणला आणि अंगणातल्या नळाची चावी काढून खिशात टाकली. मग स्वयंपाकघरातल्या नळाची. मग न्हाणीतल्या. काकी पायरीवर बसून प्रत्येक वेळी पान्याचा आवाज ऐकत होत्या.

"माझा जीव पाण्यानं जायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "तहानंनं जाईल."

"तहानंनं कोण मरत न्हाय. नंबर येस्तवर कळ काढ."

"आन् न्हाई आला तर?"

"येतोय," तात्या म्हणाले.

मला राहवलं नाही. मी कुंपणावरून म्हणालो, "तात्या, माणूस आहे ती. झाड नाही, ताण द्यायला."

तात्या माझ्याजवळ आले. इतके जवळ की त्यांच्या हाताला लागलेल्या चिखलाचा वास आला. "झाड गेलं तर शाहूपुरीतनं दुसरं आणतोय मी," ते म्हणाले. "ही गेली तर कुठनं आणू? सांगा की मास्तर. कुठनं आणू?"

 मी घरात गेलो.

ते पिवळं झाड तात्यांनी उपटलं नाही. बुडाची माती काढून मुळं उन्हाला उघडी ठेवली, कुजलेली मुळी छाटली, कोरडा मुरूम भरला. ते जगलं. पुढं सविता येऊन राहिली. तिनं बापाशी कडाक्याचं भांडण केलं. "तिला पिऊन जाऊ दे आबा, पर असं नगो," असं ती रडत म्हणाली. काकी मधे पडल्या, पण कुणाच्या बाजूनं ते मला आजही सांगता येणार नाही. "तेंचं काय चुकलं न्हाय गं," त्या म्हणाल्या, "आन् माझंबी काय चुकलं न्हाय." मग भिंतीकडं तोंड करून निजल्या.

पावसाळ्यात कुंती फुलली, नेहमीपेक्षा जास्तच. तात्या खुर्ची टाकून काकींना बाहेर आणून बसवायचे. पागोळ्या गळायच्या त्या बाजूला त्यांची पाठ येईल अशी खुर्ची. काकी आता फार बोलत नव्हत्या. अंगाला सूज होती, ओठ फुटलेले होते, आवाज घोगरा झालेला. मी चौकशीला गेलो तर म्हणाल्या, "वास लई चांगला येतोय. वासानं तहान भागली असती तर काय पायजे हुतं." तात्या मागं उभे होते. ते ऐकून घरात निघून गेले.

श्रावण संपता संपता एका सकाळी डायलिसिसला निघायचं होतं. रिक्षा दारात आली होती. काकी पायरीवर बसून चपला घालत होत्या, एक पायात गेली आणि दुसरी घालता घालता त्या भिंतीला टेकल्या. तात्या कपाटाला किल्ली लावून बाहेर आले तोवर संपलं होतं. नंबर आला नव्हता.

त्यांना आत आणून निजवलं. सविता दुपारपर्यंत पोचली. माहेरचे लोक आले, तो साबणवाला मेहुणाही आला. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. आमच्याकडं माणसाला उचलायच्या आधी घरच्या-दारच्या प्रत्येकानं तोंडात पाणी घालायची रीत आहे. कुणीतरी तांब्या भरून आणला, वर तुळशीचं पान, पळी. तात्या उशाशी बसले होते. आधी त्यांनी घातलं, मग सवितानं, मग भावानं. मग कॉलनीतल्या बायका एकामागून एक वाकू लागल्या. ज्या बायकांकडं काकी घोटभर पाणी मागत होत्या आणि ज्या नाही म्हणत होत्या, त्या सगळ्या. प्रत्येकीचा हात जरा सढळच होता. कुणी पळी भरून, कुणी दोनदा. आमची ही वाकली तेव्हा तिनं तीन पळ्या घातल्या. पाणी आत जात नव्हतं, ओठांच्या कडेनं उशीवर ओघळत होतं.

तात्या ते बघत होते. एकाएकी त्यांनी हात आडवा घातला.

"बास," ते म्हणाले. "किती घालालासा? छातीत पाणी हुतंय तिच्या."

 सविता "आबा" म्हणाली. तात्यांनी आमच्या हिच्या हातातली पळी काढून घेतली, तांब्या ओढून आपल्या मांडीशी धरला आणि टॉवेलाच्या टोकानं काकींचे ओठ, हनुवटी, गळा पुसून कोरडा केला. मागं रांगेत अजून बायका होत्या, त्या तशाच मागं सरल्या. मेहुण्यानं खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावलं, ते त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. काकींना उचलून बाहेर नेईपर्यंत त्यांनी तो तांब्या हातातून सोडला नाही.